खालचं वावर आणि वरच्या ताली

पारनेर,
बुधवार, ४ सप्टेंबर २०२४

चि. अमृत,

आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. यांचा खोकला गेला; पेपर मोठ्यानं वाचायची खोड मात्र गेलेली नाही. निकिताला नोकरी लागल्याचं कळलं. तिला म्हणावं, आत्याला आनंद झाला, आणि आत्याला फोन करायला बापाची परवानगी लागत नाही.

पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तुझं नेटवर्क जातं, आणि ते नेमकं मी तिसऱ्या वाक्याला तोंड उघडलं की जातं. मी शाळेत बोलले, सभांमध्ये बोलले, मोर्चात बैलगाडीवर उभी राहून बोलले. मला मध्येच तोडायची हिंमत आमदारालाही झाली नाही. तेव्हा कागदच बरा. याला रेंज लागत नाही आणि हा ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणत नाही.

परवा पोळ्याला गावाकडे गेले होते. मिरवणुकीत आपल्या आळीतून बैलांची एकच जोडी निघाली, काकासाहेबाची. वडील गेल्यापासून आपली दहा एकर अर्ध्या वाट्यानं करणारा काकासाहेब. तुला सांगायची गरज नव्हती, पण गेल्या साली त्याच्याकडून सहा एकर खालचं वावर काढून घेतलंस तेव्हापासून तू त्याचं नाव घेत नाहीस, म्हणून आठवण दिली. त्या जोडीमागे ट्रॅक्टरांची रांग, बोनेटला बेगड, आरशाला फुगे. आणि मारुतीच्या पारावर तुझ्या त्या शेतीसेवा कंपनीनं औषध फवारायचं ड्रोन आणून ठेवलं होतं. बायकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. एक जण मला विचारते, “ताई, याला निवद कुटं दाखवायचा? तोंड कुटंय याचं?”

मी म्हटलं, “तोंड पुण्यात असतं. इथे नुसते पंख येतात.”

हसू नकोस. तुझ्याबद्दलच बोलत होते.

काकासाहेब बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावत होता. डोक्यावर कंपनीची हिरवी टोपी. आता तो कंपनीचा ट्रॅक्टर चालवतो. म्हणाला, “ह्यो शेवटचा पोळा, ताई. दिवाळीच्या आत बेल्ह्याच्या बाजारात नेतो जोडी. ठिवून काय करू? खायला कडबा न्हाई, ओढायला काम न्हाई.”

मी म्हटलं, अरे, अमृतनं तुला वरच्या उताराच्या चार एकर दगडबांधाच्या ताली ठेवल्यात ना? सगळं पीक तुझं म्हणालाय. वाटासुद्धा नको म्हणालाय. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि रंगाचा हात बैलाच्या पाठीला पुसला. मला संताप आला. फुकट मिळालेली जमीन टाकून हा दुसऱ्याच्या स्टिअरिंगला लटकणार! गुलामाला साखळी काढून दिली तरी तो ती गळ्यात घालून हिंडतो, असं मी त्याला सगळ्यांदेखत, बैलांदेखत ऐकवलं. लोकांनी माना डोलावल्या. माझं बोलणं चांगलं झालं की लोक मान डोलावतात आणि पुढे काही करत नाहीत, हा माझा अनुभव जुना आहे.

मग ताली बघायला वर चढले. दोन पावसाळे तिथे औत गेलेलं नाही. घाणेरीची झुडपं माझ्या खांद्याला लागली. तिसऱ्या तालीला भगदाड पडलंय, बैलगाडी जाईल एवढं. वेळीच चार दगड लावले असते तर एका सकाळचं काम होतं. पण जिथे पेरायचं नाही तिथे दगड लावायला कोण जातो? त्या भगदाडातून पाणी, माती आणि मुरूम थेट खाली, तुझ्या कंपनीनं लावलेल्या कांद्यावर. वरच्या अंगाचा कांदा मुरमाखाली गाडला गेलाय. कंपनीचा पोरगा, तो पार्थ, तुमचा ‘ग्राम समन्वयक’, तिथे उभा राहून फोटो काढत होता.

मी विचारलं, “आता काय?”

“मॅडम, वरचं क्षेत्र आमच्या सेवेत येत नाही. तिथं मशीन वळत नाही.”

“पण पाणी वळतं ना?”

“त्याची नोंद घेतो, मॅडम.”

आणि यावर तुझा उपाय काय, तर जेसीबी लावून सगळ्या ताली फोडायच्या, उतार एकसारखा करायचा, म्हणजे मशीन वळेल. वा! बूट बसत नाही म्हणून पाय तासायचा. अरे, त्या तालींआडची माती कुणी ट्रकनं आणून ओतलेली नाही. दगडाच्या आडोशाला पावसानं ती ओंजळ ओंजळ साठवली, आणि आपल्या माणसांनी ती दर पावसाळ्यानंतर राखली. म्हणून त्या उतारावर बिनपाण्याची ज्वारी येत होती. ताल फोडलीस की ती माती मुळा धरणात गाळ होऊन बसेल आणि तुझ्या हाती मुरूम राहील. मग तुझं मशीन तिथे वाटेल तेवढं वळू दे, गिरक्या घेऊ दे.

ताली फोडायला आणि दहाच्या दहा एकर पाच वर्षं कंपनीच्या हाती द्यायला सातबाऱ्यावरच्या आपल्या दोघांचीही सही लागते, असं लिहिलंस. सध्या माझ्या चष्म्याचा नंबर बदललाय. बघू.

कंपनीच्या मेळाव्याला मात्र येईन. ‘ताई, तू चार शब्द बोल, गावात तुझं ऐकतात’ म्हणालास ना? बोलते.

तुझी
ताई


पारनेर,
सोमवार, १६ सप्टेंबर २०२४

चि. अमृत,

आशीर्वाद. गौरी-गणपती नीट पार पडले. यंदा गौरीपुढे ठेवायला ज्वारीचं कणीस गावात मिळालं नाही असं भावकीतून सांगणं आलं, म्हणून मी इथल्या बाजारातून प्लॅस्टिकचं पाठवलं. देवीनं चालवून घेतलं. देवी तुमच्या कंपनीपेक्षा समजूतदार आहे.

काल मेळावा झाला. तू पडद्यावर दिसलास. तुझ्या मागे नारळाची झाडं डुलत होती. पिंपरीत नारळाच्या बागा कधी झाल्या? ‘माझी मुळं याच मातीत आहेत’ असं म्हणालास आणि दुसऱ्या मीटिंगला निघून गेलास. पुढचं तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

पार्थनं गावाचा नकाशा लावला. सपाट जमीन हिरवी, उताराची राखाडी. म्हणाला, “आमच्या सेवेमुळे या गावातली खालची जमीन कुठेही पडीक नाही. नांगरणी, पेरणी, फवारणी, काढणी, सगळं फोनवर. शेतकऱ्याला आता शेतात जायची गरजच नाही.”

टाळ्या. मनापासून टाळ्या! आपली गरज उरली नाही हे ऐकून टाळ्या वाजवणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली.

मग मला उठवलं. मी आधी खरं ते कबूल केलं, कारण खोट्याच्या पायावर उभं राहून मला बोलता येत नाही. म्हटलं, पार्थ बरोबर सांगतो. ज्यांची पोरं चाकणला आणि पुण्याला गेली, ज्यांच्या घरात आता दोन म्हाताऱ्यांशिवाय कुणी नाही, त्यांची खालची वावरं या सेवेनं पडीक पडण्यापासून वाचवली. घ्या टाळी. पण आता त्या राखाडी रंगाकडे बघा. तिथे तुमच्या आज्यापणज्यांच्या काळात मशीन वळत होतं का? नव्हतं. तरी जमीन पिकत होती. कुणामुळे? ज्याच्या हाती खालचं वावर होतं, त्याच्यामुळे. खालच्या कांद्यावर त्याचं घर चालायचं, वरच्या कडब्यावर त्याचे बैल चालायचे, आणि बैल होते म्हणून तो वर चढायचा. ही एकच शेती होती. तुम्ही तिचे दोन तुकडे केलेत. फायद्याचा तुकडा कंपनीला दिलात, आणि कष्टाचा तुकडा माणसाला दिलात. माणूस निघून गेला. आता म्हणता, बघा, आजकाल कुणाला शेती नको! शेतकऱ्याला शेतात जायची गरज नसेल तर त्याला शेतकरी कशाला म्हणता? घरमालक म्हणा. दारावर पाटी लावा, वावर भाड्यानं देणे आहे!

अमृत, मी बऱ्याच दिवसांनी एवढं चांगलं बोलले. मंडप चिडीचूप होता. बोलता बोलताच मला ते राखाडी कोडं उलगडत गेलं. घरून ठरवून आणलेलं भाषण तर वेगळंच होतं.

मागून एक म्हातारा उठला. “बाई, भाषान एक लंबर. पन उद्या खुरपायला कोन येतंय, तुमी?”

हशा. दुसरा म्हणाला, “बाईस्नी खुरपं नगं देऊ, माईक दे. तन ऐकूनच जळंल.”

आणखी हशा. मग जेवणाची घोषणा झाली आणि सगळा समाज बुंदीकडे धावला. ज्या लोकांना वर्षानुवर्षं जागवलं, ते एका द्रोणासाठी एकमेकांच्या पायांवर पाय देत होते. पार्थच्या टेबलाशी रांग लागली ती वेगळीच. तिथे राखाडी जमिनीवर जेसीबी लावायला नावं लिहून घेत होते. आपलं नाव यादीत सगळ्यात वर आहे, हे तुला आनंदानं कळवते.

कडूबाई, काकासाहेबाची बायको, मंडपाच्या खांबाला टेकून उभी होती. ती जेवायला गेली नव्हती. म्हणाली, “लई खरं बोललात, ताई.”

मला बरं वाटलं. एवढ्या गर्दीत एक तरी!

“आता ह्येच घरी जाऊन भावाला सांगा. का त्यो पडद्यावरच भेटतो?”

“कडूबाई, काय झालं ते नीट सांग.”

“काय सांगू? साय काढून नेली, ताक आमच्या म्होरं ठिवलं, आनि वर म्हनला, ताकाचा वाटा नगं मला! केवढं मोठं मन! आनि आमच्या मालकाला तुमी पोळ्याच्या दिवशी गुलाम म्हनला. सनाच्या दिवशी. जनावराम्होरं.”

“मग तेव्हाच सांगायचं होतं अमृतला.”

“सांगितलं की फोनवर. तुमच्या भावाचं नेटवर्क गेलं.”

तुझ्या नेटवर्कची तक्रार करणारी मी एकटी नाही, एवढं कळलं.

“आनि ऐका,” ती म्हणाली, “मला काय त्या तालींचा उमाळा न्हाई. लगीन झाल्यापास्नं चढतीय, गुडघं गेलं माजं. कंपनीचा पगार येतो, सावलीत बसून भाकरी खातो आमी. पन खालचं नि वरचं एका हाताला दिलं, तर चढू बी. नुसत्या वरच्यासाठी माजा पाय उचलायचा न्हाई, सांगून ठिवते.”

शेवटी ती आणखी एक वाक्य बोलली. ते लिहिण्यासारखं नाही. शिवाय माझी एसटी चुकली असती.

तू काकासाहेबाला उपकार म्हणून जे दिलंस, त्यानं त्याला शेतातून उठवलं. एवढं तरी आज लक्षात घे. त्याची जोडी बाजारात गेली की आपल्याच नव्हे, त्या वाटेवरच्या सगळ्यांच्या ताली संपल्या. कारण भाड्यानं का होईना, सगळे त्याच बैलांवर होते. आणि ज्वारीची पेरणी दसऱ्यापर्यंतच. त्यानंतर वर नुसती घाणेरी पिकेल.

सहीचं पुन्हा विचारलंस. पितृपक्ष लागतोय. या दिवसांत असली कामं करत नाहीत.

तुझी
ताई


पारनेर,
रविवार, २९ सप्टेंबर २०२४

अमृत,

आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. ‘ताई, भावनिक होऊ नकोस, व्यवहार बघ. जेसीबी मंगळवारी येतोय. त्याआधी सही कर.’ पितृपक्ष वगैरे तू मानत नाहीस हे मला माहीत आहे. मीही मानत नाही. उभा तालुका जाणतो की मी मुहूर्तांवर किती दात काढले आहेत. मला वेळ काढायचा होता, एवढंच काय ते खरं होतं.

तर व्यवहार बघू.

त्या दिवशी मंडपात कडूबाई शेवटी जे बोलली ते असं: “ताई, त्यात तुमचा बी वाटा हाय की. का त्यो फकस्त भाषनापुरता?”

मी एसटीचं निमित्त काढून निघाले. गाडीला अजून बराच वेळ होता. फाट्यावर उन्हात उभी राहिले.

मुलीच्या वारसाहक्कावरचं माझं भाषण बायकांना तोंडपाठ आहे. किती जणींना मी हाताला धरून तलाठ्यासमोर उभं केलं. आणि स्वतःच्या निम्म्या जमिनीबद्दल तुझ्यापुढे अवाक्षर काढलं नाही, कारण बहिणीनं वाटा मागितला की माहेरचं दार लागतं. दारापुढे पाट नाही, ताट नाही, दिवाळीत ‘कधी येतेस गं’ असा फोन नाही. मला त्याची भीती वाटत होती, आणि आजही वाटते. व्यासपीठावर वाघीण आणि माहेरच्या उंबऱ्यात मांजर. तुझ्या त्या मेसेजचा मला राग आला त्याचं खरं कारण हेच, की मी सही करीन याबद्दल तुझ्या मनात शंकासुद्धा आली नाही. आणि तू चुकला नव्हतास. गौरीच्या दिवसांत समोर बसून विचारलं असतंस तर केली असती.

आता करणार नाही.

काल गावाकडे गेले, काकासाहेबाच्या घरी. त्याला म्हटलं, पोळ्याला मी बोलले ते चुकलं.

तो म्हणाला, “जाऊ द्या, ताई.”

कडूबाई आतून ओरडली, “जाऊ द्या कशापायी? बैलाम्होरं बोलल्यात, बैलाम्होरंच म्हनू द्या!”

मग गोठ्यात जाऊन, बैलांसमोर उभी राहून बोलले. ते रवंथ करत राहिले. पार्थनं निदान नोंद घेतली असती.

काकासाहेब म्हणाला, “आता सरळ बोलतो, ताई. पाच सालं खालचं नि वरचं माज्या एका हातात पायजे. मंग जोडी इकत न्हाई. आनि कंपनीची टोपी उद्या परत देतो.”

“दिलं. माझ्या वाट्याचं.”

“भाऊ काय म्हनंल?”

“ओरडेल.”

“मंग?”

“मग मीही ओरडेन. त्यात माझा सराव त्याच्यापेक्षा दांडगा आहे.”

कडूबाई हसली. मला वाटतं, माझ्याबद्दलचं तिचं मत अजूनही फारसं चांगलं नाही. तिनं चहा दिला, साखर मात्र दिली नाही.

तेव्हा ऐक. खालच्या वावरातला निम्मा भाग, तालींच्या पायथ्याकडचा, माझा. तिथला तुझा कांदा निघेपर्यंत मी एका रोपाला हात लावणार नाही. तो निघाला की माझ्या हद्दीला खुंट ठोकला जाईल. ताली दोघांच्या, पण तुझ्या मशीनला त्या नको आहेत, म्हणून सगळ्या मी करवून घेईन. तुझ्या निम्म्या तालींतल्या पिकाचा तुझा वाटा तुला घरपोच मिळेल. ताक ठेवून साय पळवायची रीत मी उचलणार नाही. राहिलेलं तीन एकर कंपनीला दे, ड्रोनला दे, नारळाच्या बागेला दे. त्यात मी तोंड घालणार नाही.

आणि समजा काकासाहेब उद्या थकला, कडूबाईचे गुडघे खरंच गेले, तर? तर मला दुसरा माणूस शोधावा लागेल, तो मिळेल की नाही मला ठाऊक नाही. ताली टिकतील अशी हमी मी तुला देत नाही. कंपनी हमी देते. तिची हमी वरच्या अंगाच्या मुरमात गाडलेली आहे, जाऊन बघ.

हस्त लागलाय. वर ओल चांगली आहे. घाणेरी तोडायला काल माणसं घातली. भगदाडाला काकासाहेब आणि त्याचा मेहुणा दगड लावतायत, दोन दिवसांत बुजेल. मग कुळवाची पाळी आणि लगेच पेरणीची पाभर. मंगळवारी तुझा जेसीबी आला तर त्याला सांगून ठेव, तिसऱ्या तालीवर एक म्हातारी छत्री उघडून बसलेली असेल. तिच्यापाशी वाचायला पुस्तक आहे, शेंगदाण्याची चटणी-भाकरी आहे आणि वेळ भरपूर आहे. तिची सही नाही.

हे पत्र यांना वाचून दाखवलं. म्हणाले, “भावाशी भांडायला वकील लागतो, पोस्टमन नाही.” मी म्हटलं, आधी पोस्टमन. माझा भाऊ आहे तो, अजून वाचता येतं त्याला.

तुला राग येईल. येऊ दे. तुला राग आलेला मी फार वर्षांत पाहिला नाही. तू नुसता ‘बघतो’ म्हणतोस. चिडून गावाकडे आलास, तालीवर उभा राहून मला दोन शब्द वेडेवाकडे बोललास, तरी ते पडद्यावरच्या तुझ्या मुळांपेक्षा मला जास्त खरं वाटेल. नाही आलास तर कळेल, की मी इतके दिवस ज्या माहेराला जपत होते ते आधीच पडीक पडलं होतं.

भाऊबीजेला मी दरवर्षीसारखी येईन. घराला कुलूप असलं तर वर जाईन, तोवर ज्वारी उगवून गुडघ्याला लागली असेल. ओवाळणीत यंदा साडी घेऊ नकोस. मोजणीच्या दिवशी हजर राहा.

तुझी ताई,
जिचा बांध आता तुझ्या बांधाला लागून आहे,
राजेश्वरी